पत्ता पुन्हा सांगा: नियंत्रण कक्षातल्या एका चुकीचं प्रकरण

आपत्कालीन नियंत्रण कक्षाकडून माझ्याकडे एक पत्र आलं. पत्रात एकच ओळ होती: ‘एकाग्रतेचा अभाव, समुपदेशन आवश्यक.’ सोबत मेमोची प्रत टाचलेली होती. कॉल घेणाऱ्या कर्मचाऱ्याने पत्त्याची खातरजमा केली नाही, एकाच नावाचे दोन रस्ते असताना रुग्णवाहिका भलत्या रस्त्यावर गेली आणि रुग्णापर्यंत पोचायला नऊ मिनिटं उशीर झाला. रुग्ण वाचला. मेमोत कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, निष्काळजीपणा.

ज्यांच्यावर हा मेमो निघाला त्यांना कक्षात सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. वय पस्तिशीचं, नोकरी नऊ वर्षांची. नवीन मुलं कामावर रुजू झाली की शिकण्यासाठी ताईंच्याच शेजारी बसवली जात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. ताईंनी हे लिखाण वाचलं आहे आणि ते लोकांसमोर आणायला त्यांची संमती आहे.

संकटात सगळ्यांत आधी धावून येणाऱ्यांचा विचार करताना आपल्याला शिडी, स्ट्रेचर, गणवेश दिसतो. हेडसेट लावून बसलेला माणूस सहसा आठवत नाही. तो घटनास्थळी कधीच जात नाही, पण तिथे सर्वांच्या आधी कानाने पोचलेला असतो. आणि रुग्णवाहिका दारात आली की त्याला तिथून निघावं लागतं, पुढे काय झालं हे न कळताच.

पहिली भेट आणि माझी चूक

पहिल्या भेटीत ताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “मॅडम, हे माझ्या फाईलमध्ये जाणार का?” मी सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहील, कार्यालयाला फक्त कामासाठी तंदुरुस्त आहात की नाही एवढंच कळेल. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसल्याचं दिसलं नाही. या क्षेत्रातल्या माणसांना मन मोकळं करायला वेळ लागतो. फोनवरून हटवतील, पोरं मागून बोलतील, ही भीती खोटी नसते.

त्यांनी जे सांगितलं ते असं: सलग सहा रात्रपाळ्या, दिवसा जेमतेम चार तास झोप, डोकं जड, आकडे उलटसुलट टाइप होतात, एकच गोष्ट दोनदा विचारली जाते. मी हे सगळं झोपेच्या खात्यात टाकलं. त्याला आधारही होता. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते. पहाटे तीन ते पाच ही शरीराच्या घड्याळातली सगळ्यांत मंद वेळ. मी पाळ्या बदलण्याची शिफारस केली, झोपेचं वेळापत्रक लिहून दिलं आणि तीन आठवड्यांनी यायला सांगितलं.

तीन आठवड्यांत ताईंची झोप सुधारली, चुका मात्र तशाच राहिल्या.

चुकांचा आकार

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. ताईंच्या परवानगीने कक्षप्रमुखांकडून चुकांची यादी मागवली, तारीख, वेळ आणि कॉलच्या प्रकारासह. थकव्याच्या चुका पाळीच्या शेवटी वाढतात, सगळ्या प्रकारच्या कॉलमध्ये थोड्याथोड्या विखुरतात. या यादीत तसं नव्हतं. अपघात, आग, बाळंतपण यांचे कॉल जवळजवळ स्वच्छ होते. चुका होत्या त्या ‘माणूस बेशुद्ध पडला आहे’ अशा कॉलमध्ये, आणि त्यातही कॉल करणारा लहान वयाचा असला तर जास्त. शिवाय गेल्या अडीच महिन्यांत त्यांच्या प्रत्येक कॉलची सरासरी लांबी सुमारे दोन मिनिटांवरून जवळपास चारवर गेली होती. ज्या कॉलमध्ये चूक नव्हती तेही लांबले होते.

मेमोतल्या कॉलचा उतारा वाचला. ताईंनी पत्ता विचारला होता. फोन करणाऱ्या मुलीने रस्त्याच्या नावासोबत ‘जुना’ हा शब्दही सांगितला होता. पण त्या एका कॉलमध्ये ताईंनी ‘श्वास घेतायत का?’ हे पाच वेळा विचारलं होतं. पाचव्या वेळेनंतर त्या पत्ता टाइप करायला वळल्या, तेव्हा ‘जुना’ गळून गेला होता.

इथे थोडं थांबून या कामाचं स्वरूप सांगते, कारण बाहेरून ते फोन उचलण्याइतकं सोपं दिसतं. कॉल घेणारा एकाच वेळी ऐकतो, टाइप करतो, पडद्यावरचे प्रश्न वाचतो, मागे गाडी कोणती मोकळी आहे ते कानावर ठेवतो, आणि समोरच्याचा धीर सुटू देत नाही. हे सगळं पेलते ती कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातलं काम संपेपर्यंत गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणारी मनाची जागा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची क्षमता सात गोष्टींच्या आसपास मांडली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुरावे तपासून ती चारच्या आसपास आणली. समजा चार खण आहेत. रस्त्याचं नाव, ‘जुना’, रुग्णाची अवस्था, पुढचा प्रश्न. आता यातला एक खण कायमचा कोणीतरी अडवून ठेवला असेल, तर चौथी गोष्ट बाहेर पडणारच. माणूस तेवढाच हुशार आणि तेवढाच दक्ष असतो, त्याच्याकडे फक्त एक खण कमी असतो.

तो खण कशाने अडला होता, हे शोधायचं राहिलं होतं. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “ताई, श्वासाचा प्रश्न तुम्ही इतक्यांदा का विचारता?” त्यांचा उजवा हात मांडीवर होता. बोटं हलत होती, एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं.

पावणेचारचा कॉल

मेमोच्या दहा आठवडे आधी, पहाटे पावणेचार वाजता, साधारण पंधरा वर्षांच्या मुलाचा फोन आला होता. वडील पडले होते. ताईंनी विचारलं, श्वास घेतायत का? मुलगा म्हणाला, “हो, घोरतायत.” ताईंनी श्वास चालू आहे असं धरलं आणि कुशीवर वळवायला सांगितलं. पुढे मुलगा म्हणाला की घोरणं मधेच थांबतंय, बराच वेळ थांबतंय. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

मराठीत याला नेमका शब्द आहे, आचके. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं घशातून अधूनमधून घरघर येऊ शकते. तो श्वास नसतो, पण घाबरलेल्या नातेवाइकाला तो श्वासच वाटतो. फोनवर हृदयक्रिया बंद पडल्याचं ओळखायला उशीर होण्याचं हे सर्वत्र आढळणारं कारण आहे, आणि त्यात अनुभवी माणसंही फसतात. छाती दाबणं सुरू झालं नाही आणि विजेचा झटकाही मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. हा आकडा ताईंना पाठ होता. नव्या मुलांना त्याच शिकवत.

त्यांनी मुलाला छाती दाबायला लावली. मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटिमीटर. त्या मोजत राहिल्या, तो दाबत राहिला. आठ मिनिटांनी गाडी पोचली. फोन संपला. चाळीस सेकंदांत पुढचा कॉल पडद्यावर आला, कोणाचं तरी मांजर छपरावर अडकलं होतं. ताईंनी तोही नीट घेतला.

“वडिलांचं काय झालं?” मी विचारलं.

“आम्हाला कळत नाही, मॅडम. आमचा कॉल तिथेच बंद होतो.”

त्यानंतरचे सहा आठवडे वरवर ठीक गेले. मग पावणेचारच्या सुमाराला त्या काहीतरी कारण काढून खुर्चीवरून उठू लागल्या. घरी नवरा घोरू लागला की झोपेतून दचकून उठत आणि त्याच्या छातीकडे बघत बसत. लहान मुलाचा आवाज फोनवर आला की तळहाताला घाम. आणि डोक्यात मोजणं. दृश्य त्यांना दिसत नव्हतं, कारण त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. आवाज मात्र परत परत येत होता.

आघातोत्तर ताण, म्हणजे भयंकर अनुभव मनात अडकून राहिल्याने होणारा त्रास, तपासण्याच्या पीसीएल-५ या वीस प्रश्नांच्या यादीत ताईंचे गुण ८० पैकी ४४ आले. ३१ ते ३३ च्या वर गेलं की निदानाच्या दृष्टीने पुढे तपासावं असं मानतात. सविस्तर मुलाखतीनंतर मी आघातोत्तर तणाव विकाराचं (पीटीएसडी) निदान केलं.

“पण त्या तर खुर्चीत होत्या”

हे वाक्य मला एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सुनावलं. त्यात दुष्टपणा नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. घटनास्थळी न गेलेल्या माणसाला आघात कसा?

२०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेच्या निकषांत हे स्पष्ट लिहिलं आहे. कामाचा भाग म्हणून आघातक घटनांचे भयंकर तपशील वारंवार किंवा अतितीव्रतेने समोर येणं हेही आघाताच्या व्याख्येत बसतं. फुरसतीत पडद्यावर पाहिलेल्या गोष्टी बसत नाहीत, कामाचा संबंध हवा. ताईंच्या बाबतीत तर मला ‘तपशील समोर आले’ हे शब्दही अपुरे वाटतात. त्या त्या खोलीत होत्याच, फक्त त्यांना हात नव्हते. मुलाचे हात हेच त्यांचे हात होते.

आणखी एक गोष्ट त्या अधिकाऱ्यांनी पुढे केली: “आम्ही तर लगेच सत्र घेतलं होतं.” खरं होतं. कॉलनंतर चौथ्या दिवशी पाळीतल्या सर्वांना एकत्र बसवून, ज्याला जे वाटलं ते सांगायला लावलं होतं. हजेरी सक्तीची होती. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे सैल रूप म्हणता येईल, आणि जगभर ते चांगल्या हेतूने वापरलं गेलं आहे. पण एकाच बैठकीत घटना उगाळायला लावणाऱ्या सत्रांनी आघातोत्तर विकार टळतो, याला पुरावा मिळालेला नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाजलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत १३ महिन्यांनी असं सत्र मिळालेल्यांपैकी २६ टक्के जणांना हा विकार होता, न मिळालेल्यांपैकी ९ टक्के. ते रुग्ण होते, एकेकट्याने किंवा जोडीने सत्र घेतलं होतं, कामावरच्या गटाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये, हा पद्धतीच्या समर्थकांचा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही सक्ती करू नये, इतकं त्यातून नक्की निघतं. ताई त्या सत्रात काय बोलल्या, हे मी विचारलं. “म्हटलं, ठीक आहे मी. सगळे ऐकत होते ना.”

टेप

उपचार आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचाराचे होते, म्हणजे आघाताची आठवण आणि तिचा लावलेला अर्थ यांवर बोलून काम करण्याचे, एकूण ११ सत्रं. सगळ्यांबद्दल लिहीत नाही. पाचवं आणि सहावं महत्त्वाचं.

ताईंच्या हिशेबाने त्यांनी पाच मिनिटं वाया घालवली होती. “पाच मिनिटं मी त्या पोराला नुसतं कुशीवर वळवायला लावलं.” आठवणीवर वाद घालून काही होत नाही. पण या प्रकरणात एक दुर्मीळ सोय होती, त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण जपून ठेवलेलं होतं. ते मिळवायला मला तीन पत्रं लिहावी लागली, कारण कार्यालयाच्या नजरेत ध्वनिमुद्रण हा चौकशीचा पुरावा, उपचाराचं साधन नव्हे. शेवटी कक्षप्रमुख स्वतःच्या जबाबदारीवर ते घेऊन आले.

आधी दोन सत्रं तयारीत घालवली. मग ताईंच्या हातात थांबवण्याचं बटण देऊन आम्ही ते ऐकलं. ‘घोरतायत’ पासून ‘छातीवर हात ठेव’ पर्यंत ५२ सेकंद होते. ताईंनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा घड्याळ लावलं. ५२. त्या काही बोलल्या नाहीत, पण बोटांचं मोजणं थांबलं होतं. शेवट ठाऊक झाल्यावर आधीचं सगळं उघड वाटू लागतं, हे बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्येच दाखवून दिलं होतं. ‘मला तेव्हाच कळायला हवं होतं’ हे वाक्य जवळपास प्रत्येक अशा रुग्णाच्या तोंडी असतं. ध्वनिमुद्रणात मात्र ‘तेव्हा’ जसं होतं तसं राहिलेलं होतं: एक घाबरलेला मुलगा, एक चुकीचा पण समजण्याजोगा शब्द, आणि ५२ सेकंदांत तो शब्द पकडणारी बाई.

मला वाटलं, गाठ सुटली. पण सहाव्या सत्रात आम्ही ध्वनिमुद्रणाचा शेवट ऐकला आणि ताई कोसळल्या त्या तिथे. मोजता मोजता मुलगा म्हणतो, “ताई, तुम्ही फोन ठेवू नका हं.” ताई म्हणतात, “नाही ठेवत. मी आहे.” दार उघडल्याचा आवाज, माणसांचे आवाज, आणि मग नियमाप्रमाणे कॉल बंद.

“मी म्हटलं होतं ठेवत नाही,” त्या रडत म्हणाल्या. “आणि ठेवला.”

उशिराचा अपराध त्यांना माहीत होता. हा अपराध त्यांनी स्वतःलाही सांगितला नव्हता. आता कॉल लांबण्याचं कोडंही उलगडलं. अडीच महिने त्यांच्या हातून एकही फोन सहज ठेवला जात नव्हता. गाडी पोचल्यावरही त्या ‘अजून काही?’ विचारत थांबत, आणि पुढचा कॉल रांगेत वाट पाहत राही. दोन्ही लक्षणं चुका म्हणून नोंदली गेली होती, आणि दोन्ही एकाच आठ मिनिटांतून आली होती.

अँके एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांची २००० सालची मांडणी इथे उपयोगी पडली: आठवणीतला सर्वांत जळता क्षण शोधायचा, त्या क्षणी माणसाने काय अर्थ लावला ते पकडायचं, आणि आज माहीत असलेली गोष्ट त्या क्षणाच्या आत नेऊन ठेवायची. ताईंनी स्वतःच ती गोष्ट शोधली. “मी ठेवला तेव्हा तो एकटा नव्हता. चार माणसं आली होती. मी म्हटलं होतं ते मी तोपर्यंत पाळलं होतं.” हे वाक्य त्या ध्वनिमुद्रणाच्या शेवटी पुन्हा पुन्हा म्हणत गेल्या, आधी रडत, मग नुसत्याच.

वडिलांचं काय झालं, हे विचारायचं का, यावर आम्ही बरीच चर्चा केली. मी घाबरत होते. ताई म्हणाल्या, “वाईट असलं तरी ते एकच असेल. आत्ता मी रोज वेगवेगळं ऐकते.” कक्षप्रमुखांनी चौकशी केली. गाडीत ठोके परत आले होते, तिसऱ्या दिवशी रुग्णालयात वडील वारले. ताई दोन दिवस रजेवर होत्या. त्यानंतर रात्री घरात छातीकडे बघत बसणं थांबलं.

कक्षात काय बदललं

उपचार एका माणसावर होऊ शकतात, पण खण अडवणारी व्यवस्था तशीच ठेवली तर पुढचा माणूस त्याच जागी बसणार आहे. मी अहवालात पाच गोष्टी मागितल्या, अडीच मिळाल्या.

श्वासाचा प्रश्न बदलला. आता ‘श्वास घेतायत का?’ वर न थांबता, ‘प्रत्येक श्वास आला की मला “आला” म्हणा’ असं सांगतात आणि दोन श्वासांमधलं अंतर मोजतात. त्याने आचके लवकर ओळखू येतात आणि निर्णयाचं ओझं आठवणीवरून पडद्यावर जातं. पत्त्यासाठीही तसंच: सारख्या नावाचे रस्ते असले तर संगणक आता दोन्ही दाखवतो आणि एक निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ही सोय आधी असती तर मेमो निघालाच नसता. नऊ मिनिटांच्या उशिरात ताईंचा वाटा होता, पण एकसारखी नावं गिळून टाकणाऱ्या प्रणालीचाही होता, आणि तिला कोणी मेमो दिला नाही.

मृत्यूशी संबंधित कॉलनंतर दहा मिनिटं खुर्चीवरून उठायची मुभा मिळाली, मागायची गरज न ठेवता. पाळीप्रमुख नुसतं खांद्यावर हात ठेवून जागा घेतात. ही अर्धी, कारण गर्दीच्या रात्री ती मिळत नाही. रुग्णाचं पुढे काय झालं हे कॉल घेणाऱ्याला कळवण्याची मागणी मात्र गोपनीयतेच्या कारणावरून नाकारली गेली. नाव न सांगता ‘वाचले’ किंवा ‘नाही वाचले’ एवढं कळवण्यात कोणाची गोपनीयता भंगते, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

पाळीप्रमुखांचं प्रशिक्षणही मागितलं होतं, आणि तेच राहून गेलं. याची मला सर्वांत जास्त हळहळ आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याविषयी फक्त चार तासांचं प्रशिक्षण देऊन पाहिलं गेलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सहा महिन्यांनी त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामाशी निगडित आजारपणाची रजा घटलेली दिसली. इथल्या पाळीप्रमुखांनी ताईंचे लांबलेले कॉल आठ आठवडे रोज पाहिले होते. त्यांच्यापुढच्या तक्त्यात ते लाल रंगात येत. या लालीचा आणखी काही अर्थ असू शकतो, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं.

ताई सहा आठवडे फोनपासून दूर, नव्या मुलांच्या प्रशिक्षणावर होत्या, मग दिवसपाळीत अर्धा वेळ, मग पूर्ण. अकराव्या सत्राला गुण १७ होते, सहा महिन्यांनी १४. रात्रपाळी त्यांनी स्वतः मागून घेतली. मुलाचा आवाज आला की पोटात खड्डा अजूनही पडतो, पण तो कॉल संपायच्या आत भरून येतो, असं त्या सांगतात. कॉलची सरासरी पुन्हा दोन मिनिटांवर आली आहे.

मेमो त्यांच्या फाईलमध्ये अजून आहे. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द काढून तिथे वैद्यकीय कारण लिहावं, असं मी दोनदा लेखी कळवलं. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे. तिसरं पत्र ताईंनी स्वतः लिहिलं आहे. त्यासोबत त्यांनी दोन्ही कॉलचे उतारे जोडले आहेत, आणि ५२ सेकंदांखाली पेनाने रेघ मारली आहे.